उके

जी फेकते ती तोरी, जी पडते ती उके.
ढमढेरे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
आणि खाली कुणीतरी: आज फाफडा कोण आणणार?

चार वर्षं, याएल, मी तुझी उके.
प्रतापनगरच्या त्या हॉलात, जिथे रेल्वेची जुनी कपाटं
अजून भिंतीला टेकून उभी आहेत,
बावन्न किलोच्या आपण दोघीच.
तुझं वजन मला पाठ आहे.
माझ्या पाठीलाच पाठ आहे:
उपासाच्या दुसऱ्या दिवशीचं वेगळं,
मलिद्याचे पोहे खाऊन आलीस की वेगळं.

शुक्रवारी दिवेलागणीआधी तू निघायचीस.
शनिवारी मी गादीची वळकटी दोरीनं आवळून
तिला बेल्ट बांधायचे, तुझ्यासारखा,
गाठ डावीकडे सरकलेली.
वळकटी उलट डाव करत नाही.
शनिवार फार लांब असायचे.

मग ते पत्र आलं. जगभरच्या ज्यू खेळाडूंचा मेळावा,
भारताकडून ज्युडोला एकच नाव.
सर म्हणाले, पेढे आणा. मग माझ्याकडे बघितलं
आणि उगाच चटयांचे कोपरे जुळवत बसले.
आपल्या शेवटच्या पाच लढतींतल्या तीन माझ्या होत्या.
हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलतेय.
नॅथनकाका म्हणाले, "आमच्यात एवढ्या पोरी आहेतच कुठं,
म्हणून हिचा नंबर."
मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, आणि मला बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याची लाज, ती अजून आहे.

तिथे अकरा, इथे दीड. सरांचा फोन
पाण्याच्या पिंपाला टेकवलेला,
आम्ही नऊजण, डबे उघडे, कुणी जेवत नव्हतं.
माइकवर तुझं आडनाव आलं: वाक्. रूल. कार.
तीन तुकडे, जणू कुणी पेटी उघडून सामान तपासतंय.
पेणजवळचं वाकरूळ,
तूसुद्धा एकदाच पाहिलंयस, बसच्या खिडकीतून.
"वाकरुळकर," नॅथनकाका फोनला म्हणाले, हळूच,
तो दुरुस्त करून घेईल असं.

पहिली लढत फ्रान्सच्या पोरीशी. अडतीस सेकंद.
तुला छताचे दिवे दिसले असतील,
आम्हाला तुझे तळवे,
आणि उजव्या टाचेवर आपली चिकटपट्टी, मांडवीतल्या दुकानातली.

दुसरी अर्जेंटिनाची, उंच.
तिनं कॉलर धरली आणि तू थांबलीस.
अर्धा श्वास.
तू का थांबलीस ते त्या हॉलात कुणालाच माहीत नव्हतं.
तिच्या जागी मी असते
तर आता डाव्या पायावर आले असते.
तीही आली.
सर ओरडेपर्यंत तू वळली होतीस, खाली शिरली होतीस,
आणि ती गेली, माझ्या वाटेनं गेली,
चार वर्षं पडून पडून
मी हवेत जी वाट पाडली होती, तिच्यावरून.
इप्पॉन. सगळे उठले.
माझा हात चटईवर आपटला,
पडताना आपटतो तसा.

ब्राँझची लढत तू हरलीस. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.
तिसरा शिडो, पंचाचं बोट, गणवेश सारखे करणं, वाकणं.
काका म्हणाले, "हात नीट आहे ना तिचा?"
कुणीतरी डबा पुढं केला.

शनिवारी रात्री उशिरा तुझा मेसेज आला:
इथे शनिवारी येणार नाही असं
कुणाला सांगावंच लागत नाही. कुणीच येत नाही.
दिवसभर मला काही सुचेना.
तू काय करतेस गं शनिवारी?

मी लिहिलं, काही नाही.
पुसलं.
उठून वळकटीचा फोटो काढायला गेले,
आधी तिची गाठ मधोमध आणली,
मग परत डावीकडे सरकवली.