अडीच इंच

गालिचा आधी उलटा घालायचा.
समोरची फुलं गिऱ्हाइकाची.
आमचं काम पाठीशी.

जनकगंजातल्या गोदामात मे महिन्यातही
पंखा लावत नाहीत, लोकर उडते.
मी गुडघ्यांवर. भिंग, पट्टी, दाभण.
एक इंच उभा, एक इंच आडवा,
दाभणाच्या टोकाने एकेक गाठ टिपत जायची
ओठ हलवत, पाढे म्हटल्यासारखी.
दहा दाहे शंभर.
हातभर सरकून पुन्हा. शंभर.
एकाच जागी मोजून प्रत ठरवतो तो दलाल;
पाच जागी मोजावं,
त्यातली एक जागा काठाजवळची.

काठानेच घोटाळा केला.
डावा काठ नऊ फूट, उजवा अडीच इंच आखूड.
मग फूटभर ओळी मोजल्या :
डावीकडे एकशेवीस,
उजवीकडे एकशेतेवीस.

"या अंगाला कोण बसतं?"
हमीदन बीने पंजा खाली ठेवला.
"हमारी नूरी. नयी है, लघाटेसाब."

नूरी मागच्या खांबाला टेकून उभी.
बोटांना निळा रंग, तर्जनीला चिंधी.
गाठ घट्ट हवी, एवढं तिला सांगितलं होतं.
किती घट्ट, ते सांगायचं राहिलं.
शेजारणीचा हात जेवढा ओढतो तेवढाच आपला,
हे कुणी सांगत नाही,
ते मांडीला मांडी लावून बसल्यावर कळतं
वर्षा-दोन वर्षांनी.

"ज़्यादा हैं, तो अच्छा हुआ ना?"
तिने मला विचारलं.

माझ्या कागदावर गाठींचा रकाना आहे,
जास्त भरल्या तर भाव चढतो.
त्याच्या खाली वाकाचा रकाना आहे,
तो भरला की वरचा कुणी वाचत नाही.
मी दोन्ही भरले.
दुसरी प्रत. सही. तारीख.
पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.

आता तो ओला करून खिळ्यांवर ताणतील.
इंच-दीड इंच निघेलही.
हमीदन बीने नूरीची जागा बदललीय,
दोन जुन्या बायकांच्या मधे.
दिवाळीनंतर नवा माल उतरेल,
मी उजव्या काठाशी पट्टी लावीन,
आणि एकशेवीस भरतील, बरोबर एकशेवीस,
मला माहीत आहे.

तरी पट्टी संपल्यावर
दाभण लगेच उचलणार नाही मी.
थोडा वेळ बघेन,
एकशेएकविसावी कुठे आत दडलीय का.