वीस मिनिटं

पुलाखाली जिथं इस्पितळाचं गटार मत्क्वारीला मिळतं
तिथलंच पाणी बाटलीत भरून आणते त्सिउरी.
स्वच्छ पाणी तिच्या काही कामाचं नाही.

चाळीस वर्षं झाली. तिबिलिसीच्या या प्रयोगशाळेत
फरशी बदलली, बाहेरचा झेंडा बदलला.
इन्क्युबेटर तोच,
दार सुतळीनं बांधलेला.

नव्या मुलीला ती सांगते:
तो जिवंत नाही. मेलेलाही नाही.
त्याला भूक नाही, श्वास नाही.
एक डोकं, सहा पाय, आत गुंडाळलेला धागा, बस्स.
जिवाणूच्या भिंतीवर उतरतो, धागा आत सोडतो,
स्वतः बाहेरच राहतो
शेंगेच्या टरफलासारखा.

आत पेशी धागा वाचायला घेते.
तिला अक्षर कळतं, सही कळत नाही.

आरडाओरडा नाही, कडीकोयंडा तुटत नाही.
कामगार तेच, भट्टी तीच,
साचा तेवढा दुसऱ्याचा.
पेशी स्वतःची जुनी वही फाडते
आणि तिच्याच चिंध्यांचे
नवे धागे वळते.
आयत्या बिळावर नागोबा म्हणावं,
तर इथं बीळच नाग विणत बसतं.

त्सिउरी मध्येच गप्प होते.
रुस्तावीजवळचा तो खिळ्यांचा कारखाना.
नवे मालक आले त्या सकाळीही
शाल्वा वेळेवर पाळीला गेला होता, डबा घेऊन.
रात्री म्हणाला, काहीच बदललं नाही गं,
फक्त माल कुठं जातो ते विचारायचं नाही.
पुढच्या हिवाळ्यात छपराचे पत्रेही उरले नव्हते.

विसाव्या मिनिटाला पेशी फुटते.
शंभरेक बाहेर पडतात,
शेजारच्या भिंती चाचपतात.

"मग आपण कुणाच्या बाजूनं?" मुलगी विचारते.

वरच्या मजल्यावर ओतिया झोपलाय, तुशेतीचा मेंढपाळ.
घोट्याची जखम सात महिने वाहतेय,
एकही औषध लागू पडलं नाही.
डॉक्टरांनी परवा करवतीचं नाव काढलं
तेव्हा त्यानं एवढंच विचारलं,
मेंढ्या डोंगरावरून उतरेपर्यंत थांबता येईल का?

त्सिउरी काचेची थाळी खिडकीच्या उजेडात धरते.
त्याच्याच जखमेतले जंतू, दुधाच्या सायीसारखे पसरलेले,
आणि सायीत
टाचणीच्या डोक्याएवढी नितळ भोकं.
आठ. अकरा. कडेला आणखी तीन.

"चौदा लिही," ती म्हणते.
"आणि हात धू."