जाऊ नये

रोज दुपारी सव्वादोनला, शिवाजीनगरच्या ऑफिसात,
मी तेच वाक्य टाइप करते:
मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.
खिडकीतून दिसतो पीएमपीचा थांबा, एक कडुनिंब,
आणि भरती-ओहोटी नसलेला रस्ता.

पाषाणच्या कार्यशाळेला ती आली, चांगुणा नाखवा,
रात्रीच्या एसटीनं,
मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात बांधलेली सुकट.
वाटलेल्या तक्त्यात एक रकाना होता: जोखीम.
ती म्हणाली, एवढ्याशा चौकोनात काय काय कोंबू?
मार्चात पाऊस पडला, वलांडीवरचे बोंबील सडले, ते लिहू?
का मांदेली आणखी चार वाव खोल गेली, ते?
का धाकट्यानं होडी विकून
पनवेलला रिक्षा घेतली, ते?

मग मी पडद्यावर नकाशा उघडला.
बारा-बारा किलोमीटरचे चौकोन,
जमीन तपकिरी, पाणी निळं.
तिनं बोट फिरवलं. परत फिरवलं.
"आमचं बेट?"
या इथं.
"ह्यो तं निळा हाय."
मॉडेलला एवढं बारीक दिसत नाही, मी म्हटलं,
आणि उगाच पाणी आणायला उठले.

जेवताना सहज सांगत होती:
खाली वस्तीत रेंज नाय, तुमचा मेसेज
टेकडी चढली की मिलतो.
या साली एक्केचालीस वेला आला,
चुलीमागं कोळशानं रेघा मारल्यात.
त्यातल्या अकरा दिवशी वारा सुटला.
उरलेले तीस दिवस हातावर हात धरून.
ताटातली काकडी तिनं बाजूला सारली.
"नको जाव म्हनता, बरंच करता गो.
माजा दीर ऐकला नाय, त्यो गेला.
पन परत कदी जायाचं,
त्ये कोन धाडत नाय."

साहेबांना विचारलं, आणखी एक ओळ घालू का?
म्हणाले, मसुदा ठरलेला आहे, वर पाठवू.
फाइल वर गेली.
तिला कुठल्या टेकडीवर रेंज मिळते, मला माहीत नाही.

सुकट अजून माझ्या खणात आहे.
शेजारच्या लेलेबाईंनी दोनदा उदबत्ती लावली,
मी घरी नेत नाही, टाकतही नाही.

आज सव्वादोन.
वाऱ्याचे आकडे आलेत.
जाऊ नये, इथवर टाइप केलं,
आणि पूर्णविरामाच्या आधी, कुणाला न विचारता,
कंसात: उद्या दुपारी दोनपर्यंत.
पाठवलं.
अजून कुणाचा फोन आलेला नाही.