झाकण

छिउ पावगनच्या घरी
कढईपेक्षा झाकण जुनं. लाकडाचं.

अठ्ठावन्न साली कढई भट्टीत गेली
पोलाद व्हायला.
निघाला ठिसूळ, काळा गोळा.
झाकण कुणी मागितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्यावरच आईनं
एल्मची साल कुटली.
धाकटीला ती पचली नाही.

नंतर त्यावर अध्यक्षांचं चित्र डकवलं,
मग एका रात्री खरवडलं.
चिरेत धान्याची कुपनं खोचली,
तीही एक दिवस रद्दी झाली.

आता नातू शेन्झेनहून कढई पाठवतो,
काहीच न चिकटणारी.
फोनवर म्हाताऱ्यानं विचारलं,
शाळेत अठ्ठावन्न शिकवलं का रे?
"परीक्षेला नव्हतं."

नव्या कढईवर तो
जुनंच झाकण ठेवतो.
बोटभर मोठं होतं,
डुगडुगतं.
काचेचं अजून खोक्यातच आहे.