मारुतीच्या गुडघ्याएवढं पाणी

दोनशे बाराव्या भागात पीतांबर अष्टेकर मेला.
पुलाच्या कठड्यावर चढला, हसला, गेला पुरात.
तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं,
चेहरा माशांनी खाल्लेला,
ओळख पटली ती घड्याळावरून.
इन्स्पेक्टर हणमंत्यांनी टोपी काढली
आणि मसाल्याची जाहिरात लागली.

मी एकतीस वर्षं नोट प्रेसला होते. तपासणीत.
अख्खा ताव समोर यायचा
आणि कुठे शाई फुटली, कुठे रेघ सरकली
हे डोळ्याला आधी कळायचं, मला नंतर.
आता पेन्शन आहे, डोळा तोच आहे,
आणि शुक्रवारी रात्री नऊला मालिका.

घड्याळ प्रेताच्या डाव्या मनगटावर.
अष्टेकर डावखुरा. विष डाव्या हाताने ओतायचा,
घड्याळ उजव्यात. वहीत आहे माझ्या, भाग एकेचाळीस.

आणि पाणी. पुलावरून दाखवलं ते तुफान,
पण मागे, कोपऱ्यात, क्षणभर
दुतोंड्या मारुती दिसतो
आणि पाणी त्याच्या गुडघ्याला.
गुडघ्याला!
नाशकात एवढ्याला पूर म्हणत नाहीत.
छातीला लागलं की भांडीबाजार आवराआवर करतो;
गुडघ्याला असलं की पंचवटीतली पोरं
शाळा बुडवून उड्या मारतात
आणि टाळकुटेश्वराच्या पुलाशी निघतात, केस झटकत.

शेजारचे धात्रक म्हणतात, "वहिनी, कथा असते ती."
असते ना.
खोटी नोटसुद्धा कुणीतरी मन लावूनच छापलेली असते.

पण मग प्रेत कुणाचं?
इथे माझी झोप गेली.
अष्टेकरच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता,
पुड्या बांधायचा, एक वाक्य नव्हतं त्याला.
एकशे नव्वदनंतर दिसलाच नाही.
तेवढाच उंच, तेवढाच सावळा.
हणमंत्यांनी विचारलं नाही, बायकोने नाही
(बायको होती की नाही तेही नाही दाखवलं).
आम्ही सगळे, अष्टेकर जिवंत कसा, यातच गुंतलेलो.

परवा, बुधवारी, गंगेवरच्या बाजारात
तो कोथिंबिरीची जुडी हुंगत उभा.
दाढी नाही. पोट सुटलेलं. घड्याळ उजव्या हातात.
मी म्हटलं, "वाचलात तर तुम्ही."
हसला. तेच हसू, कठड्यावरचं.
"कुठला वाचतोय, बाई. चार महिन्यांचे पैसे थकवले,
म्हणून शूटिंगला गेलो नाही. त्यांनी मारून टाकला."
"पण उडी?"
"दुसराच कुणी. पाठमोरा घेतला.
हसणं जुन्या भागातलं चिकटवलं."
"आणि प्रेत?"
"मनमाडकडचा एक पोरगा होता म्हणे.
जानेवारीत दिवसभर पाण्यात पडून राहिला.
पाचशे रुपये आणि जेवण."
"नाव काय त्याचं?"
त्याने जुडी उलटी करून मुळं बघितली,
वीसची पंधराला मागितली.

म्हणजे मी बरोबर होते.
प्रेत त्याचं नव्हतंच.
धात्रकांना सांगायला निघाले
आणि अर्ध्या जिन्यातून परत आले.
आमच्याकडे फाटक्या तावाचीही नोंद व्हायची,
आकड्यासकट, दोन सह्यांनी.

रात्री नातवाने तो भाग मोबाइलवर लावून दिला.
थांबव म्हटलं. मोठं कर. अजून मोठं.
चेहरा नाहीच, लाल रंग फासलेला.
पण दंड दिसतो,
कोपरापासून वर, ओल्या बाहीखाली,
आणि त्याच्यावर थंडीने आलेला काटा.

सतरा वेळा पाहिला होता मी हा भाग.
सतरा वेळा घड्याळच बघत होते.