उलटा मोर

अक्कलकोट रोडला, बंद कारखान्यामागच्या शेडमध्ये
व्यंकटस्वामी गुर्रम चादर ओढतात.
मोर उलटे विणले गेले, म्हणून कधीच न खपलेली.
खाली लाल एम.जी., दोनच सीटची, त्रेपन्न सालची.

मी गुडघ्यावर. टॉर्च. दाराच्या खालच्या कडेवरून नख.
"सोलापूर आहे हो. इथं घाम टिकत नाही,
गंज कुठला?"

वहीत ऑइल बदलल्याच्या तारखा, तेलुगूत.
माग भंगारात गेले
त्या वर्षीही दोनदा.

किल्ली फिरते. इंजिन खाकरतं, मग लागतं.
ते डोळे मिटून ऐकतात, बोटं हवेत,
तुटला धागा चाचपावा तशी.
"तिसरी झडप जरा बोलते. आधीच सांगतो."

मी किमतीचं काढलं.
त्यांनी विचारलं, "लावणार कुठं? सावली आहे?"

जुळे सोलापुरात माझा तिसरा मजला.
खाली एक कडुलिंब,
तोही शेजाऱ्यांचा.
सांगितलं तसंच.

बराच वेळ ते बॉनेटवर हात ठेवून उभे.
मग चादरीची घडी घालत, माझ्याकडे न बघता,
"चैत्रात मोहोर पडतो त्याचा.
ओल्या फडक्यानं पुसायचा नाही. झटकायचा."
घडी त्यांनी
शेजारच्या सीटवर ठेवली.