बांधावरचा डबा

सगुणच्या झेरॉक्समध्ये मी छापून घेतली
एका चिपच्या साडेतीनशे पानांपैकी साठ पानं.
"परीक्षा कसली?" त्यानं स्टेपल मारत विचारलं.
कसलीच नाही म्हटल्यावर
दहा रुपये कमी घेतले, कीव आल्यासारखे.

चिप अठ्ठावीस पायांची, गोमेच्या पिलाएवढी.
तिच्या पोटात एका ओळीत आठ दारं.
उघडं म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य,
आणि कुठलं दार आत येणाऱ्याचं, कुठलं बाहेर जाणाऱ्याचं
ते आधी सांगून ठेवायचं.
पान वीस ते सव्वीस, चार वेळा वाचलं.
कळलं ते कुंभारजुव्याच्या मानशीवर,
गोकुळदास फळीला अडकलेलं शेवाळ काढत होता तेव्हा.
ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून खाडीत जातं,
भरतीला खारं पाणी स्वतःच ते दाबून धरतं.
"ह्याला सांगतो कोण?"
"पाणीच," तो म्हणाला, आणि काडेपेटी शोधू लागला.

गाडी मात्र आवेलिनोची. म्हणजे सुरुवात त्याची.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला दोन मोटरी,
चाकं औषधांच्या बाटल्यांची झाकणं, मी फॅक्टरीतून आणलेली.
पहिला दिवा त्यानंच लुकलुकवला, थेट असेंब्लीत.
"दुभाषा कशाला मध्ये? कानातच बोल त्याच्या."
मग त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट आला.
आता तो स्विंडनला, एका गोदामात.
शेवटचा मेसेज: इथे रोबो आहेत, पिवळे,
माझ्याहून उंच, आणि रजा मागत नाहीत.
मी विचारलं, चिप कुठली रे त्यांच्यात?
दोन निळ्या खुणा.
मग काही नाही.

डबा मला खाजनाच्या बांधावरून चालवायचा होता,
खेकड्यांची बिळं शोधत.
पुढे दोन डोळ्यांचा सेन्सर. आवाज सोडायचा,
परत येईपर्यंत मोजत बसायचं,
जेवढा वेळ तेवढं अंतर.
घरात चालला. कपाटापुढे वळला, बरणीपुढे वळला,
आईच्या पायांपुढे तर जरा अदबीनंच.

बांधाच्या टोकाला पुढे नुसती खाडी.
आवाज गेला तो गेलाच.
मी लिहिलं होतं, उत्तर येईपर्यंत थांब.
किती, ते लिहिलं नव्हतं.
मोटरींना आधीच सांगून झालं होतं, चला.
डोकं वाट बघत राहिलं
आणि चाकं त्याला घेऊन चिखलात उतरली.

गोकुळदास हसला नाही.
त्याच्या मते त्या टोकाला राखणदार उभा असतो.
वर्षाचा रोट चुकला की तो वाट चुकवतो.
कंबरभर चिखलात उतरून डबा त्यानंच काढला,
वरचा दिवा तेव्हाही चालू होता.

गोड्या पाण्यानं धुतला, टूथब्रशनं घासला,
रात्रभर उकड्या तांदळात पुरून ठेवला.
आईनं सकाळी पेज त्याच तांदळाची केली.

राखणदार मला पान बावन्नवर भेटला.
चिपमध्येही असतो एक.
दर दोन सेकंदांच्या आत त्याला कळवायचं,
मी आहे, अडकले नाही.
तीन अक्षरांची आज्ञा. तेवढाच त्याचा रोट.
चुकलात तर तो कारण विचारत नाही,
सगळी दारं पाडतो, चाकं थांबवतो,
पहिल्या ओळीवर नेऊन उभं करतो.
इंग्रजीत त्याला कुत्रा म्हणतात.
मी शेजारच्या टिपणीत राखणदारच लिहिलं.
फक्त वाट बघण्याच्या चक्रात ती आज्ञा ठेवायची नाही.
ठेवली की त्याला वाटतं, सगळं ठीक आहे.
हे कळायला मला आणखी दोन रविवार लागले.

काल पुन्हा टोकाला नेला.
आवाज सोडला. खाडी गप्प.
एक सेकंद. दुसरा.
डबा शहारला, दिवा विझून पेटला,
आणि तो वीतभर मागे आला.
गोकुळदासनं तेवढ्यात बिडी खाली ठेवली, काठावर, पेटलेली.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

व्हिडिओ काढलाय. पाठवलेला नाही.
कुंडईला सातची शिफ्ट आहे,
आणि डाव्या चाकात अजून रेती वाजते.